लुव्हीआत्याची हनुवटी

३ एप्रिल १९६५

ही वही क्लिओराने आणून दिली. मोज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून मी म्हणे दिवसभर तिच्या मागेमागे फिरून बोलत असतो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचा कलकलाट ऐकून येते आणि घरी आल्यावर माझा सुरू होतो. "जे बोलायचंय ते हिच्यापाशी बोल," म्हणाली, "ही उलट उत्तर देणार नाही."

तर सांगण्यासारखं एकच आहे. मला काम मिळालं. त्याला काम म्हणायचं की नाही हा प्रश्न आहे. लुव्हीआत्याला उत्तरेकडच्या कॉलेजांमधून गाण्याची बोलावणी आली आहेत, तिला घेऊन जायला ड्रायव्हर हवाय. माझ्याकडे गाडी आहे, आणि वेळ तर इतका आहे की वाटून टाकावा.

आत्या म्हणजे लुव्हिनिया मेबेन, माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरीला टेकली. जन्मभर तिने तंबाखूच्या कारखान्यात त्या खडखडणाऱ्या यंत्रांपाशी पानांचे दांडे काढले, नंतर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून गिटार वाजवली. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, आत्या ब्लूज गाते, त्यात काय मोठं? मग दोन वर्षांपूर्वी बॉस्टनहून हॅरिस नावाचा एक गोरा पोरगा आला. छातीपर्यंत दाढी आणि हातात आत्याने तरुणपणी कधीतरी गायलेली एक तबकडी. लुव्हिनिया मेबेन जिवंत आहेत का, असं तो दारोदार विचारत होता. आत्याच्या दारातही त्याने तेच विचारलं. ती म्हणाली, "कालपर्यंत तरी होते."

तेव्हापासून ती प्रसिद्ध आहे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला हे संगीत आवडत नाही. मला आवडतात ते ट्रंपेटवाले बँड, एकसारखे सूट, टोकदार बूट, सगळे एकदम वळतात आणि एकदम थांबतात. आत्याच्या गाण्यात काय? नवरा गेला, खेचर मेलं, नदी घरात शिरली. हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. हे ऐकायला लोक तिकीट काढतात याचं मला नवल वाटतं.

आणि प्रसिद्धीने बाई चढली आहे. काल ती शेंगा सोलत होती. मी मागून म्हटलं, आत्या, किल्ली दे. मान वरही केली नाही. परत म्हटलं. नाही. पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा लगेच दिली. मोठ्या माणसांना पाठीमागून हाक मारलेली खपत नाही, एवढं मी शिकलो.

११ एप्रिल

रविवार. चर्चनंतर आत्याच्या ओसरीवर तिची शिष्यमंडळी. हॅरिस, त्याचे दोन-तीन मित्र आणि शिक्षिकांच्या कॉलेजातली जोनेटा नावाची आपल्या काळ्या वस्तीतली एक मुलगी.

आत्याची वाजवायची एक तऱ्हा आहे. ती खाली वाकून गिटारच्या लाकडावर हनुवटी टेकवते आणि डोळे मिटते. पूर्वी ती असं करत नसे, हे मला पक्कं आठवतं. पण या पोरांना पूर्वीचं काय ठाऊक! सगळे ओळीने हनुवट्या टेकवून बसले होते, जणू सगळ्यांची एकदम दाढ दुखतेय. हॅरिसची दाढी तारांत अडकली. जोनेटाने कात्री आणली.

फक्त जोनेटा ताठ बसते. मी तिला विचारलं, तू नाही का टेकवत? तिला मानेत कळ येते म्हणाली. आणि शिवाय तिच्या मते हनुवटी आत्याची आहे, तिची नाही. हॅरिसने तिला समजावलं की हनुवटी टेकवल्याने वाजवणारा आणि लाकूड एक होतात. तो यावर लेख लिहितोय.

आत्या मध्येच उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या नव्या बुटांकडे बघत राहिली. चामड्याचा तळ, टाचेला लोखंडी नाल. तिने विचारलं, वाजतात का रे? मी टाच आपटून दाखवली. ओसरीची फळी दणाणली. आत्या खूश झाली. म्हणाली, प्रवासात हेच घाल. शेवटी घराण्यात पोशाखाची जाण असलेली आणखी एक व्यक्ती निघाली.

२३ एप्रिल

पेनसिल्व्हेनिया. एका प्राध्यापकाच्या घरी उतरलोय. क्लिओराने बुटांच्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि रताळ्याचा केक बांधून दिला होता. व्हर्जिनियात कुठे थांबलो नाही. काळ्यांनाही आत बसू द्यायचं असा कायदा बदलला म्हणून खानावळवाल्याचं मन बदललं असेलच असं नाही.

वाटेत एक गंमत झाली. मी रेडिओवर माझा ट्रंपेटवाला बँड लावला. वाटलं, आता आत्या ओरडेल. तर तिने स्वतःहून आवाज वाढवला. आणखी वाढवला. आख्खी गाडी थरथरायला लागली. मग समोरच्या पत्र्यावर तळहात पसरून ठेवला आणि हसत बसली. तासन्‌तास. मी म्हटलं नव्हतं? चांगलं संगीत कानावर पडलं की जुनं खोडही वळतं. माझ्या बँडने आत्याला जिंकलं.

मी तिच्याशी बोलायला गेलो, पण रेडिओपुढे माझं काय चालणार! ती खिडकीबाहेर बघत राहिली.

२४ एप्रिल

लाज काढली.

मी मागच्या पडद्याआड सुखाने उभा होतो. आत्याने एक गाणं झाल्यावर भर सभेत मला बोटाने बोलावलं. खुर्ची तिच्या खुर्चीला लावून मांडायला सांगितली. आणि म्हणाली, "पाय आपट. थांबायचं नाही."

माझ्यासारख्या माणसाने, चांगला राखाडी सूट घालून, कॉलेजातल्या पोरांपुढे घोड्यासारखे पाय आपटायचे! पण आत्या डोळे वटारून बघते तेव्हा मी अजून सात वर्षांचा होतो. आपटले. फळ्यांचा मंच होता, आवाज असा घुमला की माझंच मला बरं वाटायला लागलं. आत्या मात्र काय वाजवत सुटली! मान्य करतो, बरं वाजवलं. ते खेचराचं गाणं तिने इतकं जोरात नेलं की खेचर जिवंत व्हावं.

मी जरा ठेका चुकलो की ती माझ्याकडे न बघता बुटाने बुटाला टोचायची. नवे बूट. चरा पडलाय.

टाळ्या थांबेनात. नंतर एका प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं की ही टाचेची परंपरा घराण्यात किती पिढ्या चालत आली आहे. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, बरीच जुनी आहे.

२७ एप्रिल

रेडिओवर मुलाखत. निवेदक तोंडापुढे भला मोठा मायक्रोफोन धरून बसला होता, चेहरा दिसत नव्हता. त्याने विचारलं, "लुव्हीबाई, तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा?"

आत्याने थोडा विचार केला. मग म्हणाली, "तळलेल्या कोंबडीचा. पण आमची आई करायची तशी. जाड पिठातली. हल्ली सगळे पीठ पातळ लावतात."

मी पोट आवळून बसलो. आत्या अशी लोकांची फिरकी घेते हे मला ठाऊक नव्हतं, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. निवेदक हळू आवाजात म्हणाला, "पीठ पातळ लावतात. आजच्या सगळ्या संगीताबद्दल यापेक्षा खरं कुणी बोललं नसेल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आत्या, भारी टोपी घातलीस त्याला. ती म्हणाली, मग, भूक लागली होती.

९ मे

घरी. शिष्यांनी मुलाखत ऐकली आहे. ओसरीवर आता एकमेकांना सांगतात, तुझं पीठ पातळ पडतंय. एकाने नवीन बूट घेतलेत, नालवाले. हनुवट्या, टाचा, सगळं एकदम. आत्याची कोंबडी अंडी देईनाशी झाली आहे.

आज चर्चमध्ये आत्या नेहमीची जागा सोडून अगदी पुढे, ऑर्गनला चिकटून बसली. पाद्रीबाबांचं प्रवचन चालू असताना त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती, आणि भजन सुरू झालं की समोरच्या बाकावर दोन्ही हात टेकवायची. म्हातारपणी भक्ती वाढते ती अशी. क्लिओराला मी तसं म्हटलं.

क्लिओराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखतो. मागे एकदा मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत होतो, तेव्हा तिने असंच पाहिलं होतं. म्हणाली, आत्याला डॉक्टरकडे ने. मी म्हटलं, भक्ती वाढली म्हणून? तिने भांडी घासायला घेतली, जरा जास्तच आवाज करत.

३० मे

शहराच्या बससेवेत आता आपल्या माणसांनाही ड्रायव्हर म्हणून घेतात. शुक्रवारी अर्ज करून आलो. साहेबाने विचारलं, सध्या काय करता? मी म्हटलं, प्रवासी वाहतूक. एकाच प्रवाशाची, हे सांगितलं नाही.

गेल्या तीन शनिवारी तीन गावं झाली. मला बघून लोक आता आधीच टाळ्या वाजवतात. क्लिओराला सांगितलं तर म्हणाली, चढू नकोस, पाय आहेत, पंख नाहीत.

१९ जून

हे नीट लिहायला हवं.

आज मोठा उत्सव होता. जुन्या दगडखाणीत उघडं नाट्यगृह केलंय, तिथे. डोंगरभर माणसं. मंच दगडाचा, एकसंध, खाली डोंगरच. हॅरिस हरखून सांगत होता की याच्याइतकी मजबूत जागा देशात नाही.

पहिलं गाणं संथ, आत्या एकटीच गायली. ठीक. दुसरं खेचराचं. मी टाचा आपटायला सुरुवात केली. दगडावर नाल टकटक वाजत होते, मला ऐकू येत होते, समोरच्यांना ऐकू येत होते. आत्या सुरू झाली आणि माझ्या पुढे निघून गेली. मी धावलो. ती मागे पडली. मग तिचा आवाज चढला, गिटार एकीकडे, गळा एकीकडे. मी जोरात आपटलं. तिने नेहमीसारखं बुटाने टोचलं नाही. हनुवटी लाकडावर इतकी दाबली होती की गालाचं मांस वर आलं होतं. आणि मग ती थांबली. तिला मी थांबताना कधी पाहिलेलं नाही.

तिने माझ्याकडे वळून अगदी लहान आवाजात विचारलं, "वेंडेल, पाय कुठे गेले तुझे?"

मायक्रोफोनने ते पकडलं आणि डोंगरभर माणसं हसली. त्यांना तो विनोद वाटला. मीही हसलो असतो. मी खाली पाहिलं. दोन्ही पाय जागेवर होते, बूट चकचकत होते. आणि तेवढ्यात मला सगळं एकदम कळलं. शेंगा, किल्ली, रेडिओ, गाडीचा पत्रा, मुलाखतीतली कोंबडी, चर्चचा बाक. क्लिओराची भांडी. माझे पाय तिने कधी ऐकलेच नव्हते. ते तिला फळ्यांतून येत होते, आणि दगडातून काही येत नव्हतं.

लोक हसायचे थांबले. आत्याचा हात तारांवर तसाच पडला होता.

मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. खुर्ची उचलली, तिच्या खुर्चीच्या मागे नेली, आणि माझी पाठ तिच्या पाठीला टेकवून बसलो. खुर्च्यांना पाठी नव्हत्या, स्टुलासारख्याच होत्या, हे देवाचं काम. मग छातीतून घुमायला लागलो. आधी नुसतंच, हं हं हं, बैलगाडीच्या चाकासारखं. तिची पाठ आक्रसली. मी घुमत राहिलो. हळूहळू ती पाठ सैल होऊन माझ्यावर रेलली, आणि गिटार सुरू झाली. बरोबर माझ्या घुमण्यावर.

मग मला नुसतं घुमवेना. मी गायला लागलो. ते खेचराचं गाणं मला आवडत नाही. मला त्याचा शब्दन्‌शब्द येतो. तीही गायला लागली, मी खालून, ती वरून. मला तिचा आवाज कानाने येत होता आणि पाठीच्या मणक्यांनीही येत होता, आणि खरं सांगतो, मणक्यांनी जास्त बरा येत होता.

पुढचं आठवत नाही. लोक उभे होते. कोटाची पाठ घामाने गेली ती गेलीच.

२० जून

सकाळी परतीला निघालो. गाडीत बोलायला जावं तर तिला माझं तोंड दिसत नाही. म्हणून एका पीचवाल्याच्या टपरीपाशी गाडी लावली, पीच घेतले, आणि झाडाखाली तिच्या समोर बसलो. तोंड स्वच्छ पुसून, एकेक शब्द मोठा करून विचारलं, किती दिवस झाले?

ती म्हणाली, "ओरडू नकोस, तुझं तोंड माशासारखं दिसतं. नेहमीसारखं बोल, मला ओठ कळतात."

मग तिने सांगितलं. आधी पाखरं गेली. मग लहान पोरं. मग बायका. पुरुष सगळ्यात शेवटी गेले. "ते जरा आधी गेले असते तरी चाललं असतं." हनुवटी लाकडाला लावली की गिटार हाडातून थोडी ऐकू येते, तेवढंच आता उरलंय.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

तिने पीचची बी गवतात टाकली आणि हात झग्याला पुसले. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू पाय हळू आपटले असतेस. दया आली की माणसाचा ठेका चुकतो."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ते तिला दिसलं असतं.

थोड्या वेळाने म्हणाली, आता हे त्या पोरांना सांगायला हवं. मी म्हटलं, कशाला? कॉलेजं बोलावणं बंद करतील. मी आहे ना, पाठ आहे, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, इस्त्री मी अजून विसरलेली नाही, त्याची भीती नाही. भीती कशाची ते मात्र सांगितलं नाही.

डॉक्टरकडे नेलं पाहिजे. क्लिओराला ते कसं सांगायचं याचा विचार करतोय.

२७ जून

डॉक्टर झाले. कानाच्या नसा गेल्या आहेत. छातीवर लावायची एक डबी दिली, ती लावली की आत्याला सगळं जग पत्र्याच्या डब्यातून खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. तिने ती कोंबड्यांच्या खुराड्यात टांगली आहे.

आज ओसरीवर मंडळी जमली होती. मी गेलो तेव्हा जोड्या-जोड्यांनी पाठीला पाठ लावून बसली होती. हनुवट्या टेकवून. टाचा आपटत. जोडीदार नव्हता म्हणून जोनेटा खांबाला टेकली होती.

आत्या दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "मला ऐकू येत नाही. वर्षभर तर काहीच नाही."

सगळं थांबलं. रस्त्यावर बर्फाचा गाडा चालला होता, त्याची चाकं तेवढी वाजत होती. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. हॅरिसचा चेहरा पांढराफटक. लेख छापून आला होता त्याचा, चांगला लांबलचक, हनुवटीवरच.

तो म्हणाला, "मग ते हनुवटी टेकवणं?"

आत्याला कळलं नाही. जोनेटाने समोर येऊन प्रश्न पुन्हा सांगितला.

"अरे बाळा," आत्या म्हणाली, "मला ऐकू येत नाही म्हणून टेकवते. तुला काय झालंय?"

कुणी हसेना. मग जोनेटाला राहवलं नाही. ती हसली आणि मग मी, आणि शेवटी हॅरिस, दाढी हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं बहुधा. त्याने जोनेटाकरवीच विचारलं, पण मी इतके प्रश्न विचारायचो, तुम्ही हो हो म्हणायचात? आत्या म्हणाली, दारातल्या त्या पहिल्या प्रश्नानंतर, त्या दाढीमुळे, दोन वर्षांत तुझं एक वाक्य मला कळलेलं नाही. "पण तू इतक्या मनापासून विचारायचास. नाही कसं म्हणू?"

मग तिने एकेकाला वाजवायला लावलं, मान वर करून. स्वतः समोर बसून त्यांच्या गिटारच्या लाकडावर तळहात ठेवून ऐकलं. हॅरिसची हनुवटी हवेत मोकळी, कुठे ठेवावी कळेना. साधंच काहीतरी वाजवलं त्याने, समुद्रावरच्या मच्छीमारांचं गाणं असावं, त्याच्या आजोबांकडचं. आत्याचा तळहात बराच वेळ तिथे होता. "हं," म्हणाली, "हे माझं नाही. हे वाजव."

११ जुलै

हॅरिस दाढी काढून आला. आम्ही ओळखलंच नाही. बिचाऱ्याला हनुवटीच नाही.

त्याने सगळ्या कॉलेजांना आत्याची खरी गोष्ट कळवली. दोन कॉलेजांनी बोलावणं रद्द केलं. बाकीची या म्हणाली.

२४ जुलै

बसची नोकरी मिळाली. सोमवारपासून. गणवेश, टोपी, सगळं. क्लिओराने मला टोपी घालून घरभर फिरवलं आणि मिठी मारली. पण नव्या ड्रायव्हरला शनिवार सुटीचा मिळत नाही, आणि आत्याचे कार्यक्रम शनिवारी. मी साहेबाला म्हटलं, एक दिवस विचार करतो. हे सांगितलं तशी क्लिओरा मिठीतून बाजूला झाली.

आत्याकडे गेलो. तिने पुरतं सांगूही दिलं नाही. वेडा आहेस का, म्हणाली, बस घे. जोनेटाला बोलावलं आणि दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. जोनेटाचा आवाज मुलीचा, पण तिने खालून, पोटातून काढला. आत्या सुरू झाली. एकदाही अडखळली नाही. जोनेटा मध्येच स्वतःच्या गिटारवर वेगळंच काही वाजवून जायची, आणि आत्या पाठीतून ते पकडून हसायची.

मी पायरीवर बसून ऐकत होतो. चांगलं झालं ते. माझ्यापेक्षा चांगलं. मग असं रिकामं का वाटावं? हे संगीत तर मला आवडतही नाही. मी उठून गाडी पुसायला घेतली.

आत्या मागे आली. म्हणाली, शनिवार तिचे. रविवारी चर्चनंतर तू ये.

मी म्हटलं, रविवारी कार्यक्रम नसतो.

"म्हणूनच," ती म्हणाली.

८ ऑगस्ट

बसचे दोन आठवडे झाले. माझ्या फेऱ्या पूर्वेकडच्या. सकाळी कामावर जाणाऱ्या बायका, दुपारी म्हातारे, संध्याकाळी त्याच बायका, पाय सुजलेले. थांब्यांची नावं ओरडून ओरडून तोंडात बसली आहेत.

आज जेवणानंतर आत्याकडे गेलो, क्लिओराही आली, ती आत मक्याचा पाव कापत होती. हॅरिस आणि मंडळी काल जोनेटा-आत्याबरोबर व्हर्जिनियात होती; आत्या रात्रीच परतली, बाकीची अजून आली नव्हती. ओसरीवर आम्ही दोघंच. मी स्टुलं मांडली, पाठ लावली, खेचराचं गाणं घुमायला घेतलं. आत्याने वाजवलं नाही. मान वळवून म्हणाली, "ते माझं आहे. तू काहीतरी काढ, मी मागून येते."

मी म्हटलं, माझ्याकडे काही नाही. ते तिला दिसलं नाही. ती वाट बघत बसली. तिची पाठ उन्हाने गरम झालेली, श्वासाबरोबर हलत होती.

काही सुचेना, तेव्हा मी थांबे म्हणायला लागलो. चर्चचा कोपरा. न्हाव्याचं दुकान. पाण्याची टाकी. नुसतेच, ओरडतो तसे, पण खालच्या आवाजात आणि लांबवून. मग जुना मोज्यांचा कारखाना. तिथे आता कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. थांबा आहे म्हणून मी थांबतो, दार उघडतो, आणि बंद करतो. ते मी तसंच म्हटलं. थांबतो, दार उघडतो, बंद करतो. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जरा वेगळा निघाला, आणि माझ्या पाठीमागे गिटार सुरू झाली. अगदी हळू, चालत्या बसमागे धावत येऊन कुणीतरी दांडी पकडावी तशी.

मी पुढे निघालो. शाळा, रेल्वेचा पूल, बेकरी. आत्या बरोबर होती. वळणावर मी हळू झालो तर तीही झाली. रस्ता तिच्या ओळखीचाच होता म्हणा. शेवटच्या थांब्याला पोचलो, तिने एक तार वाजवून थांबवली, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

खिडकीतून क्लिओरा म्हणाली, "दवाखान्याचा थांबा राहिला."

खरंच राहिला होता. आमच्या घराजवळचा तो, ती नेहमी तिथूनच चढते. म्हणून मग बस वळवली आणि पुन्हा पहिल्यापासून निघालो.